वाळ्याची बाटली

६ एप्रिल, रविवार

घरात पंखे दोन. एक गेल्या आठवड्यात जळाला. उरलेला कोणाला मिळाला? कॉम्प्युटरला. सत्तरीची बाई पदराने वारा घेतेय आणि वरच्या खोलीत त्या काळ्या डब्याचं एका बाजूचं झाकण काढून त्याच्या तोंडाला टेबलफॅन लावलाय. पाळण्यातल्या पोरांनाही मी कधी एवढं जपलं नाही.

श्री. हे आधी लिहायचं असतं. पण राग आधी आला, आणि शंकराला माझी सवय आहे.

डायरी कल्पेशच्या कंपनीची. नव्या वर्षाला सगळ्या कामगारांना वाटल्या. त्याने माझ्याकडे टाकली आणि म्हणाला, आजी, दिवसभर बडबडतेस ते यात लिही, आमचे कान सुटतील. तीन महिने कोरी होती. मी चौथीपर्यंत शिकलेय, अक्षर वाकडं आहे, पण लिहिलेलं कोणी मधेच तोडत नाही हे बरं.

कल्पेश माझा नातू, चोवीस वर्षांचा. आनंदनगरच्या एका केमिकल कंपनीत मेन्टेनन्सला आहे. त्याचे आईबाप बदलापूरला फ्लॅटमध्ये राहतात. तिथून याला पहाटेची पाळी गाठता येत नाही आणि याच्या टेबलाला तिथे जागाही नाही, म्हणून तो इथे अंबरनाथला, आमच्याकडे. खालची खोली माझी आणि म्हाताऱ्याची. वरची पत्र्याची खोली त्याची आणि त्या डब्याची.

म्हातारा म्हणजे माझा नवरा, हरिचंद्र. पंच्याहत्तरीचा आहे, साखर आहे, दात चार आहेत. पण दारू सोडून अठरा वर्षं झाली. शिवमंदिरात पिंडीवर हात ठेवून सोडली. मी तेव्हा त्याला सांगितलं होतं, पुन्हा प्यालात तर माझा शब्द तुमच्याशी संपला. मरेपर्यंत. तेव्हापासून आमचं बरं चाललंय. माणूस कसा आहे हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

८ एप्रिल, मंगळवार

उल्हासनगरला गेले होते, कॅम्प तीनला. जीन्सच्या कारखान्यातल्या चिंध्या मिळतात, गोधडीला आत भरायला बऱ्या. कल्पेशला तिकडेच जायचं होतं, म्हणून एकाच शेअर रिक्षात बसलो.

त्याचं दुखणं असं आहे. पाच पोरं मिळून कसलीशी लढाई खेळतात, प्रत्येक जण आपापल्या घरातून. तीन मेला त्यांची शेवटची स्पर्धा आहे. हा दोनला पाळीवरून सुटतो, तीनला खेळायला बसतो, आणि तीनला आमचा पत्रा असा तापतो की वर पापड भाजावा. खेळ ऐन रंगात आला की डबा आपोआप बंद. आत प्रोसेसर म्हणून एक चौकोनी तुकडा असतो, बिस्किटाएवढा. सगळा विचार तोच करतो म्हणे. तो सत्त्याण्णव डिग्रीला गेला की जीव वाचवायला झोपून जातो. मी म्हटलं, शहाणा आहे, तुझ्यापेक्षा.

कॉम्प्युटरच्या सामानाचा दुकानदार सिंधी, अनीशभाई. मला अम्मा म्हणाला, स्टूल दिलं. कल्पेशला म्हणाला, "हवा से नहीं होगा भाई, तुम्हारे उधर हवा ही गरम है। पानी लगा दो।"

मी म्हटलं, बिजली के डब्बे में पानी? तो हसला. म्हणाला, बाहर नहीं अम्मा, नली के अंदर घूमेगा, जैसे आपके बदन में खून घूमता है। दुसऱ्या कोणी परत केलेलं सामान त्याच्याकडे होतं. छोटा पंप, तांब्याचा चपटा ठोकळा, नळ्या आणि जाळीचा एक मोठा पाट. त्या पाटाला रेडिएटर म्हणतात. कल्पेशने ते सगळं मांडीवर घेऊन रिक्षातून आणलं. चिंध्यांचं गाठोडं मी माझं मीच धरलं.

१० एप्रिल, गुरुवार

बसवलं. मी पायरीवर बसून पाहिलं. बिस्किटावर राखाडी मलम लावलं, वर तांब्याचा ठोकळा आवळला. ठोकळ्यातून पाणी जातं, तापतं, नळीने रेडिएटरला जातं, तिथे बारके पंखे त्याची उष्णता काढतात, आणि ते परत येतं. पाणी डिस्टिल, बॅटरीत घालतात तसलं.

कल्पेश म्हणाला, "आजी, पाणी थंड नाय करत. गरमी उचलून बाहेर टाकतं. हमाल समज."

"आणि बाहेर म्हणजे कुठं? याच खोलीत. म्हणजे डबा गार आणि तुझा आजा भाजून निघणार."

मग मीच सांगितलं, तो पाट पलीकडच्या भिंतीबाहेर टांग, जांभळीखाली. तिथे दिवसभर सावली असते, मी लोणच्याच्या बरण्या तिथेच ठेवते. त्याने पत्र्याला भोक पाडलं, नळ्या लांब केल्या, पाट बाहेर टांगला. सत्त्याण्णवाचे बहात्तर झाले. चार वर्षं शिकलेल्या इंजिनिअरला सुचलं नाही ते चौथी शिकलेलीला सुचलं, हे इथे लिहून ठेवते, कारण तोंडाने तो कबूल करणार नाही.

म्हातारा वर आला. तो रोज दुपारी नातवाच्या मागे खाटेवर बसून खेळ बघतो. त्याला कळत काही नाही, पण शर्यतीचे बैल पळावेत तसा ओरडतो. आज नळ्यांवरून बोट फिरवत म्हणाला, "मोते, ही तर भट्टीच हाय. नळी तापली, नळी निवली. आमच्या कोंडाजीच्या भट्टीवर अशीच होती, पिंपात बुडवलेली."

कल्पेश हसला. मी हसले नाही. अठरा वर्षांत या घरात दारूच्या भट्टीचं नाव निघालं नव्हतं. आणि निघालं ते असं, गोड आठवण निघावी तसं.

१५ एप्रिल, मंगळवार

पाच दिवसांत नळ्यांत शेवाळ धरलं. उजेडात राहिलेलं पाणी, दुसरं काय होणार? पंप कण्हायला लागला. कल्पेशने अनीशभाईला फोन लावला. तो बोलला, नुसतं पाणी चालणार नाही, कूलंट टाक. मग कल्पेशला आठवलं की त्यांच्या कंपनीच्या चिलरमध्ये तेच असतं. ग्लायकोल. आज पाळीवरून येताना पाच लिटरच्या कॅनमध्ये तळाला थोडं घेऊन आला. दिलं की घेतलं हे मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

कॅन दाराशी ठेवून आंघोळीला गेला. कॅनला चीर होती. माझ्या सारवलेल्या ओट्यावर हिरवा ओघळ. रंग छान, अगदी पोपटी. बोटाला लागलं तर चिकट, तेलासारखं. वाया कशाला घालवा? वाळ्याच्या सरबताची काचेची बाटली सुनेने बदलापूरहून पाठवली होती, ती संपून धुऊन ठेवली होती. त्यात गाळून ओतलं. गळ्यापर्यंत बरोब्बर बसलं. कॅन भंगारात टाकला.

थंड करायचं औषध आहे तर थंडच ठेवायला हवं, उन्हात त्याचा जोर जाईल, म्हणून फ्रिजात ठेवलं, दारातल्या कप्प्यात. नाहीतरी तो कप्पा रिकामाच होता. म्हाताऱ्याला साखर आहे म्हणून मी सरबत आणणं बंद केलंय. आणलं की तो चोरून प्यायचा आणि ग्लास विसळून उपडा ठेवायचा, मला कळू नये म्हणून. मला सगळं कळतं.

१६ एप्रिल, बुधवार

कल्पेशने अर्धी बाटली डिस्टिल पाण्यात मिसळून नळ्यांत भरली. आता हिरवं पाणी काचेसारखं फिरतंय. अडुसष्ट डिग्री. पोरगा खूश.

उरलेली अर्धी मी परत फ्रिजात ठेवली तेव्हा म्हणाला, "आजी, हे थंड ठेवायची गरज नाय. काढ तिथून, वर माझ्या रूममध्ये ठेव. पोटात जाता कामा नये."

मी म्हटलं, पोटात घालायला ते काय अमृत आहे? काढीन. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. तू जाशील तेव्हा घेऊन जा. हो म्हणाला आणि खेळायला बसला.

१९ एप्रिल, शनिवार

बेचाळीस झालं म्हणे, बदलापूरला त्याहून जास्त. तेजस्वी, कल्पेशची बहीण, फोनवर सांगत होती, त्यांच्या बिल्डिंगचे नळ उकळलेले. तीन घागरी भरल्या. म्हाताऱ्याच्या जिभेला कोरड पडते, सारखा पाणी मागतो. साखरेचं लक्षण आहे. डॉक्टरने सांगितलंय, गोड एक थेंब नाही. मी त्याच्यावर डोळा ठेवून आहे.

२१ एप्रिल, सोमवार

प्याला.

सोमवार म्हणून मी शिवमंदिरात गेले होते. गर्दी होती, दीडला परतले. म्हातारा ओट्यावर भिंत धरून उभा. मला पाहून हसला. पाय एकीकडे, तोंड एकीकडे. मोते मोते म्हणत जीभ जड. उंबऱ्याला अडखळला आणि माझ्या अंगावर आला. मग मोरीत ओकला.

ही चाल मी ओळखते. सव्वीस वर्षं हीच चाल संध्याकाळी माझ्या दारात यायची.

विचारलं, काय प्यालात? म्हणाला, "काय नाय." पुन्हा विचारलं. नजर चोरली. "काय नाय गो."

वास मात्र आला नाही. अगदी तोंडाजवळ नाक नेलं. हल्ली वास न येणारीही मिळते, कोंडाजीसारख्याला विचारावं. स्वयंपाकाच्या ओट्यावर ग्लास विसळून उपडा ठेवलेला. म्हणजे लपवण्याइतकी शुद्ध होती.

कोणी दिली, कुठून आणली, काही बोलला नाही. शिवमंदिर इथून दिसतं. शपथ घेतली ती जागा दिसते. मी त्याला खोलीत लोटलं, बाहेरून कडी घातली. शेजारची पुतळाबाई ओट्यावरून म्हणाली, भाऊंना ऊन लागलं असेल, डॉक्टरला दाखवा. मी म्हटलं, या रोगाचा डॉक्टर मी आहे.

कल्पेश आला तेव्हा सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. कडी काढून आत जाऊन आला, म्हणाला, आबा झोपलेत, घोरतायत. मी म्हटलं, पिणारा घोरतोच. तीनला त्याचा सराव होता, तो वर गेला.

माझा शब्द आजपासून संपला.

२२ एप्रिल, मंगळवार

नशा उतरली. आता सोंग चाललंय. कंबर दुखते म्हणतो. श्वास धापा टाकल्यासारखा, कुत्रा उन्हात टाकतो तसा. जेवला नाही. मी ताट ठेवलं, उचललं, बोलले नाही.

एक बरं, आज सारखा मोरीत जात नाही. एरवी साखरेमुळे दर तासाला उठतो. आज सकाळपासून एकदाही नाही.

दुपारी मी भाजी निवडत होते. त्याने हाक मारली. मी वर पाहिलं नाही. म्हणाला, "मोते, मी पियालो. पण तू समजतेस तसं नाय, मी—"

मी उठून मिक्सर लावला. चटणी वाटायची होतीच. मिक्सर बंद केला तेव्हा त्याने तोंड भिंतीकडे केलेलं होतं.

कबूल केलं ना शेवटी. एवढंच ऐकायचं होतं मला. पुढचं ऐकण्यासारखं काय असतं? मित्र भेटला, एकच घोट, शपथ घेतो. सव्वीस वर्षं ऐकलंय.

२३ एप्रिल, बुधवार

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. उल्हासनगर. डायरी पिशवीत होती. हाताला दुसरं काम नाही.

सकाळी सहाला पाहिलं तर म्हाताऱ्याचे डोळे उघडे आणि नजर कुठेच नाही. हाक मारली. परवापासूनची पहिली हाक. मग अंगाला झटके आले. कल्पेश पाळीवर गेलेला, त्याला पुतळाबाईने फोन केला. रिक्षात तिने पाय धरले, मी डोकं धरलं.

डॉक्टर मुलगी आहे, तेजस्वीपेक्षा चारपाच वर्षांनी मोठी असेल. तिने विचारलं, काय झालं? मी सांगितलं, परवा दारू प्याला. तिने साखर तपासली, रक्त घेतलं, परत आली. म्हणाली, आजी, रक्तात आम्ल खूप झालंय, किडन्या बंद पडल्यात. नुसत्या दारूने असं होत नाही. नक्की दारूच?

मी म्हटलं, बाई, त्यांची चाल मी सव्वीस वर्षं पाहिलीय. दारूच. लिहा.

तिने लिहिलं.

दुपारी दोनला ती पुन्हा आली. तेव्हा कल्पेश, त्याचा बाप गुरुदत्त, सगळे पोचले होते. नळीने थेंबभर लघवी काढली होती, त्यात काचेसारखे खडे दिसले म्हणे. तिने सगळ्यांकडे बघून विचारलं, घरात गाडीचं कूलंट वगैरे काही ठेवलेलं आहे का? हिरवं, गोडसर लागतं.

कल्पेश उभा होता तो जमिनीवर बसला.

मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला वाळ्याची बाटली दिसली. फ्रिजच्या दारातली, घाम आलेली, पोपटी.

कल्पेश मोटरसायकलवर घरी जाऊन बाटली घेऊन आला. अर्धी होती ती आता तळाला चार बोटं. चोरून प्याला. माझ्या भीतीने चोरून. पाणी घालून प्याला असणार, आवडीने, दोन ग्लास तरी. आणि ग्लास विसळून उपडा ठेवला.

डॉक्टरला मी विचारलं, सोमवारीच आणलं असतं तर?

तिने हातातला कागद उलटला. मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाली, "सोमवारी दुपारी आणलं असतं तर वाचायची शक्यता बरीच होती. यावर दुसरं औषध हाताशी नसेल तर आम्ही दारूच देतो, आजी. नाकातून नळी घालून, मोजून. ती या विषाला पुढे जाऊ देत नाही."

मी ऐकलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

दोनदा डायलिसिस केलं. तेही पाणी फिरवायचं मशीनच आहे. नळीतून रक्त बाहेर जातं, साफ होतं, परत येतं. कल्पेश काचेतून बघत उभा होता, मग तिथून निघून गेला आणि खाली गेटपाशी सापडला.

त्याला काय बोलू? बाटली मी भरली, फ्रिजात मी ठेवली. त्याने काढायला सांगितली, मी त्याला सांगितलं तू काढ. दोघांनीही काढली नाही. एक मशीन अडुसष्टावर राहावं म्हणून.

आत दहा मिनिटं सोडतात. मी हात धरला. शुद्ध नाही. मी त्याला म्हटलं, बोला, मिक्सर बंद केलाय. नर्सने माझ्याकडे पाहिलं. तिला काय माहीत.

२८ एप्रिल, सोमवार

काल सकाळी गेला. साडेआठला.

विष म्हणून पोस्टमार्टेम झालं. संध्याकाळी घरी आणला, अंधार पडायच्या आत उरकलं. रडायला बायका आल्या होत्या, मी रडले नाही. एक जण म्हणाली, धक्का बसलाय. धक्का नाही. मला कळतंय सगळं. आता कळतंय.

कल्पेशने वरचा डबा उघडून नळ्या सोडल्या, ते पाणी बादलीत काढलं. बादली घेऊन उभा होता, कुठे ओतू म्हणत. गटारात नको, कुत्री पितात. जांभळीखाली नको. शेवटी दुसऱ्या कॅनमध्ये भरून कंपनीत परत घेऊन गेला. खेळातल्या पोरांनी त्याच्या जागी दुसऱ्याला घेतलंय. त्याला काही वाटलं नाही, का वाटलं, दिसलं नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

अपमृत्यूची नोंद झालीय. उद्या अकराला पोलीस जबाब घ्यायला घरी येणार.

आज घरात बैठक झाली. मी ओट्यावर होते, त्यांना वाटलं ऐकू येत नाही. गुरुदत्त म्हणाला, ग्लायकोल कंपनीतून आणल्याचं बाहेर आलं तर कल्पेशची नोकरी जाईल, वर चोरीची केस. निष्काळजीपणाची वेगळी. आईचं नावही येईल, या वयात. तेजस्वीच्या लग्नाचं बघतोय आपण.

मग म्हाताऱ्याचा चुलतभाऊ कोंडाजी बोलला. तोच, भट्टीवाला. आता पांढरी टोपी घालतो आणि सगळ्यांच्या मयताला पुढे असतो. म्हणाला, "अरे, कागदावर पहिल्याच दिवशी दारू लिहिलीय. वहिनीनेच सांगितली. तीच राहू दे. हरी पिणारा होता, गावाला माहीत हाय. कायतरी बाटली दिसली, दारू समजून प्याला. संपला विषय. कोणावर नाय येत."

गुरुदत्त म्हणाला, बाबांना आता काय फरक पडतो?

कल्पेशची मान खाली. नाही म्हणाला नाही.

मी आत गेले. पाणी प्याले, बाहेर आले. कोंडाजीला विचारलं, चहा घेणार का? घेतला त्याने.

३० एप्रिल, बुधवार, सकाळ

सगळे उठायच्या आत लिहितेय. हे पान उघडं ठेवणार आहे, गुरुदत्तने वाचावं. तेजस्वीने मोठ्याने वाचून दाखवलं तर कोंडाजीलाही कळेल, त्याला वाचता येत नाही.

काल तुम्ही जे ठरवलंत ते नवीन नाही. तेच मी दोन दिवस मनात धरून बसले होते. पिणारा होता, प्याला, संपला विषय. त्याच विषयाने तो संपला. मी कडी घातली ती त्यासाठी. मिक्सर लावला तो त्यासाठी. माझी चूक तुम्ही आता सरकारी कागदावर पक्की करणार, आणि वर म्हणणार, आईला वाचवलं.

तो अठरा वर्षं प्याला नाही. कोंडाजी त्याच्या दारावर येऊन हाका मारायचा तेव्हाही नाही. आपला धाकटा, तुझा भाऊ, गेला तेव्हाही नाही. त्या रात्री तू स्वतः प्यायला होतास, गुरुदत्त, आणि तुला झोपवलं त्याने. त्याला या वयात सरबत चोरून प्यावं लागलं, कारण बायको कडक होती. एवढाच त्याचा गुन्हा. त्याला मेल्यावर दारुडा करून पोराची नोकरी राहणार असेल तर जाऊ दे नोकरी. कल्पेशला हात आहेत. तेजस्वीला बघायला येणाऱ्यांना आजी कोण ते कळू दे, मग ठरवू दे.

मी काल रात्री आणखी एक गोष्ट मनात तपासली, तीही लिहिते. मला भीती वाटते का? वाटते. पोलीस ठाण्यात मी कधी गेले नाही. डॉक्टरबाईसमोर ज्या तोंडाने दारू म्हटलं त्याच तोंडाने आता खोटं होतं म्हणायचं, याची लाज वाटते. म्हणून आधी लिहून काढलं. लिहिताना पेन अडलं नाही.

आता ऐका. अकराला साहेब येतील. कोंडाजीने घरी थांबायचं नाही. चहा पुतळाबाई करेल. कॅन कुठून आणला हे विचारलं तर उत्तर कल्पेशने द्यायचं, उभं राहून, खरं. गुरुदत्त, तू त्याच्या शेजारी बसायचं आणि मधे बोलायचं नाही. बाटलीत कोणी ओतलं, फ्रिजात कोणी ठेवलं, दोन दिवस डॉक्टरला कोणी दाखवलं नाही, आणि हरिचंद्र काय समजून प्याला, हे विचारलं की घरातल्या एकानेही तोंड उघडायचं नाही. उत्तर मोतीबाई देईल.